आतल्या खोलीचं छत

आईने तुकडा लपवला होता.

सप्टेंबरात आतल्या खोलीच्या छताचा जेवायच्या ताटाएवढा तुकडा दाराजवळ पडला. तिने तो झाडून पिशवीत भरला, पिशवी पलंगाखाली ढकलली आणि कोणाला काही सांगितलं नाही. मला कळलं ते तीन आठवड्यांनी, पलंगाखालची सतरंजी ओढताना. वर पाहिलं तर दारावरच्या कोपऱ्यात भोक होतं, त्यातून काथ्याचे धागे लोंबत होते, आणि तिथून खोलीच्या मध्यापर्यंत छताला पोट आलं होतं.

"हे कधी झालं?"

"झालं असेल मागे."

"आई, तू इथंच झोपतेस."

"मग कुठं झोपू? माझी खोली आहे."

घाटकोपरला पंतनगरात आमचं घर चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर आहे. वर गच्ची. उन्हाळ्यात आतली खोली तापायची, म्हणून अण्णांनी पंचवीस वर्षांपूर्वी तिथे प्लास्टरचं खोटं छत करून घेतलं. अण्णा म्हणजे आमचे वडील, कुंडलिक. आमच्या घरात बाबा हा शब्द भिंतीवरच्या तसबिरीसाठी राखलेला होता, त्यामुळे वडील अण्णा झाले. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. पवईच्या एका ऑफिसात लाइन टाकायला गेले असताना तिथे छताचं काम करणारा कोणी कारागीर त्यांना भेटला, आणि त्याला ते दोन रविवारांसाठी घरी घेऊन आले. कडेने पिंपळपानांची वेल, आणि बरोबर मध्ये चार फुटांचं अशोकचक्र, निळ्या रंगात. पंखा चक्राच्या तुंब्यातून, म्हणजे मधल्या गोलातून, खाली काढला होता. "चक्र फिरतं राहिलं पाहिजे," असं पाहुण्यांना सांगून अण्णा पंख्याचं बटण दाबायचे. दर वेळी. पाहुणे तेच असले तरी.

याच खोलीत, त्या चक्राखाली, ते पाच महिने पडून होते. मार्चमध्ये गेले.

मी सम्यकला, माझ्या धाकट्या भावाला, छताचा फोटो पाठवला. तो बंगळूरला असतो. त्याचा लगेच फोन आला.

"ताई, हे डोक्यावर पडलं म्हणजे? तू तिथे रोज असतेस का?"

"नसते."

"मग ऐक. नोव्हेंबर संपायच्या आत छत नवीन झालं तर ठीक. नाही तर तीस तारखेला मी येतो आणि आईला इकडे घेऊन जातो. कायमची. मी तिकिटं काढतोय."

आईला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिचं उत्तर तयार होतं. "बंगळूरला मी जायची नाही. आणि चक्र मोडायचं नाही."

"दोन्ही एकदम कसं होणार?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेले."

मुलुंडला माझ्याकडे ये म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्याकडे पुस्तकांना जागा पुरत नाही, मी कुठल्या कपाटात राहू?"

आता जे खरं आहे ते लिहायला हवं. छत धोक्याचं होतं हे खरंच, पण मला ते त्याच्याही आधीपासून नको होतं. अण्णा गेल्यापासून मी त्या खोलीत पाच मिनिटांच्या वर थांबले नव्हते. आत गेलं की नजर वर जायची, आणि वर नजर गेली की ते पाच महिने दिसायचे. आई मात्र रोज दुपारी त्याच पलंगावर, त्यांच्याच जागी, उताणी पडायची. तिला मानेचा त्रास आहे, वर बघितलं की चक्कर येते, तरी उताणी पडायची आणि डोळे मिटून ओठ हलवायची. बुद्धवंदना म्हणत असेल असं मला वाटे. तुकडा पडला तेव्हा मला काळजी वाटली, आणि काळजीच्या खाली थोडं बरंही वाटलं. छत काढायला आता कारण होतं.

दोन ठेकेदार येऊन गेले. पहिल्याने वर न बघताच सगळं पाडावं लागेल म्हणून सांगितलं. दुसरा चक्राकडे बोट दाखवून म्हणाला, "ये सब भंगार निकाल देंगे, माताजी." आईने त्याला पाणी दिलं, तो पाणी प्यायला, आणि मग तिने त्याला दार दाखवलं.

तिसरा धाकू. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, म्हणजे मी जिथे काम करते तिथे, त्याने भिंतींचं प्लास्टर केलं होतं. साठीच्या आसपासचा, भांडुपला राहणारा, कणकवलीकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तसा हा प्लास्टरच्या कामाला लागला. भाद्रपदाआधी दोन महिने गावाला जाऊन भावाच्या गणपतीच्या शाळेत मूर्ती करायच्या आणि मग परत येऊन मुंबईची छतं करायची, हा त्याचा शिरस्ता. सोबत मेव्हणा सीताराम, जो बोलत नाही.

धाकूने खोलीच्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मी म्हटलं, राहू द्या, धूळ आहे. तो म्हणाला, "वर चक्र असा ना." मग शिडीवर चढून त्याने छतावर ठिकठिकाणी बोटाच्या पेराने वाजवलं, भोकातून हात घातला आणि मूठभर तपकिरी भुसा काढून मला दाखवला.

"काथ्यो कुजलो. ह्या सगळा काथ्यावर नि तारेवर लटकता, बाये. गच्चीतून पाणी झिरपत ऱ्हवला, काथ्यो खाल्ल्यान. आता दोन-चार महिने. त्याच्यापुढे मी सांगूचंय नाय."

आई दारात उभी होती. "चक्र मोडायचं नाही," ती म्हणाली.

"मोडूचा नाय, काकी. उतरवूचा."

"म्हणजे?"

"मूर्तीचो साचो सुटो करतंव तसो. खालून टेको लावायचो, दोन आऱ्यांच्या मधून करवतीन कापायचा, एकेक फोड खाली घ्यायची. प्रत्येक फोडीर आकडो घालायचो, म्हणजे परत लावताना क्रम चुकूचो नाय. नवीन छताक मधी परत बसवून देतंय. कोण सांगूक नाय शकणा हलवला म्हणान."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. शिकलेला नाही, पण त्याला सुचलं."

गच्चीवर सोसायटीने दिवाळीनंतर एकदाचा डांबरी थर घातला. पुनर्विकास होणार म्हणून आठ वर्षं कोणी तिथे हात लावत नव्हतं. तो थर वाळल्यावर नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी काम सुरू झालं. पलंग बाहेरच्या खोलीत आला, कपाटावर चादरी आल्या, पंखा उतरला. आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आतून सांगितलं, झालं की बोलवा.

त्या पाच महिन्यांतली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे.

अण्णांना झटका आला तो मागच्या नोव्हेंबरात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचेच्या उपचारांसाठी आम्ही त्यांना ज्या बाईंकडे नेत होतो त्या म्हणाल्या, ओळीने येणाऱ्या गोष्टी आधी परत येतात. आकडे, वार, प्रार्थना. तसंच झालं. महिन्याभरात अण्णा त्रिशरण म्हणू लागले, एक ते पन्नास म्हणू लागले. मात्र "पाणी" म्हणता येत नव्हतं, माझं नाव घेता येत नव्हतं. मग बाई म्हणाल्या, नुसते पाठ आकडे नकोत, समोरच्या वस्तू मोजायला लावा, डोळ्यांची आणि जिभेची पुन्हा ओळख व्हायला हवी.

पडून असलेल्या माणसासमोर वस्तू कुठल्या? आईने चक्र निवडलं. रोज संध्याकाळी पंखा बंद करायचा, त्यांच्या उशाला स्टुलावर बसायचं आणि म्हणायचं, "हं, मोजा आरे." अण्णा वर बघत मोजायचे. एकेक आकडा ओढून काढावा लागे. आई त्यांचा हात धरून खाली बघत ऐकायची. आणि अण्णा तेविसावर थांबायचे.

"आणि?" आई म्हणायची.

अण्णा मान हलवायचे.

"आणि चोवीस. म्हणा, चोवीस."

ते म्हणत नसत. डावा हात वर करून छताकडे दाखवायचे, आणि हसायचे. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूला ओढलेलं होतं, लाळ यायची. आम्ही ती पुसायचो.

बाईंना आम्ही हे सांगितलं. पाठ पन्नासपर्यंत येतं, मोजताना तेविसावर अडतं. त्या म्हणाल्या, असं होतं, संबंध पुरता जुळलेला नाही, नेटाने करून घ्या. मी एका वहीत रोजची प्रगती लिहीत असे. त्यात जानेवारीपासून मार्चपर्यंत माझ्या अक्षरात तेच आहे: "आरे – २३ वर थांबतात. हसतात."

शनिवारी दुपारी बारा-साडेबाराला धाकूने आतून हाक मारली. "ताई, जरा येवा हंय."

छताच्या कडा उतरल्या होत्या. मध्ये चक्र तेवढं लाकडी टेकूंवर उभं होतं, आणि वर्षानुवर्षांची काजळी ओल्या फडक्याने पुसल्यामुळे निळा रंग वर आला होता. धाकू फळीवर बसला होता, कानावर पेन्सिल.

"ह्येका आरे किती असाक होये?"

"चोवीस."

"मी दोनदा आकडे घातले. तेवीसच येतत."

"तेवीस कसे असतील? अशोकचक्र आहे ते."

"ता माका काय म्हायत नाय. सीताराम, तू मोज रे."

सीतारामने खालूनच, बोटाने हवेत टिंबं देत मोजलं. मग त्या दिवसातला एकमेव शब्द बोलला. "तेवीस."

मी पदर खोचून शिडीवर चढले. प्रत्येक आऱ्याच्या मुळाशी धाकूने पेन्सिलीने आकडा लिहिला होता. मी आकडे बघितले नाहीत, आऱ्यांवर बोट ठेवत मोजलं. प्लास्टर थंड आणि किंचित ओलं होतं. तेवीस. उलट बाजूने मोजलं. तेवीस.

"हंय बघा," धाकू म्हणाला. "पंख्याची वायर ह्या बाजून आसा. थंय एक आरो येय होतो. वायरीवर आरो घातलो असतो तर तडको गेलो असतो. म्हणान त्याना थंयसर सोडलो नि बाकीचे सगळे केसभर केसभर सरकवल्यान. अंतर सारख्या दिसता. हुशार होतो मेलो. कोणाक कळता?"

मी शिडीवरच बसून राहिले.

आमच्या ग्रंथालयात दर मे महिन्यात सगळी पुस्तकं मोजतात. जे जागेवर आहे असं सगळ्यांना ठाऊक असतं, तेच मोजायचं असतं, कारण ठाऊक असलेल्या गोष्टीच हरवतात. नवीन मुलींना हे मी बावीस वर्षं शिकवत आले आहे. आणि पाच महिन्यांत एकदाही मान वर करून मी आरे मोजले नव्हते. अशोकचक्राला चोवीस आरे असतात हे आमच्या घरात जन्मलेल्या पोराला चालण्याआधी ठाऊक होतं. मग मोजतं कोण? आई मानेमुळे वर बघू शकत नव्हती. मी बघू शकत होते, पण बघवत नव्हतं. त्या घरात चक्राकडे खरोखर बघणारा माणूस एकच होता, आणि त्याला आम्ही चुकीचा ठरवत होतो.

पहिला विचार आला तो हा, की आईला कळता कामा नये. ती पंचाहत्तरीची आहे. रोज संध्याकाळी तिने त्यांना दामटून "चोवीस म्हणा" म्हटलं होतं. आता तिला कशाला सांगायचं, की ते बरोबर होते आणि तू चुकत होतीस? धाकू फोडी उतरवेल, परत लावेल, चोविसावा आरा नसल्याचं कोणाला कळणार नाही. मी धाकूला म्हटलं, "काकींना बोलू नका."

तो म्हणाला, "बरा." मग थोड्या वेळाने, करवतीला तेल लावत, "पण ताई, परत लावताना चोवीस करून दिऊ काय? चूक तशीच कित्याक ठेवायची?"

चूक. मला वही आठवली. "हसतात." रोज लिहिलेला तो शब्द. आम्ही त्या हसण्याला आजार समजत होतो. म्हणून तर पुसत होतो. पण ज्या माणसाला वरचे तेवीस आरे नीट मोजता येत होते, ज्याला कळत होतं की आपली बायको आणि ग्रंथपाल मुलगी वर न बघता चोवीसचा हट्ट धरून बसल्या आहेत, तो माणूस आणखी काय करणार होता? त्यांना सांगता येत नव्हतं. हात वर करून दाखवता येत होतं. ते दाखवत होते. आणि हसत होते, कारण ती गोष्ट हसण्यासारखीच होती.

हे मी एकटीने ठेवून घेणं बरोबर नव्हतं. ते तिचं होतं.

स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती. धाकू-सीतारामलाही जेवायला घालायचं तिने परस्पर ठरवलं होतं.

"आई, चक्राला तेवीस आरे आहेत."

"चोवीस."

"तेवीस. मी हात लावून मोजले. सगळ्यांनी मोजले. करणाऱ्याने वायरीसाठी एक सोडला होता."

तिने तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, काढली. गॅस बंद केला. हाताचं पीठ न धुताच आतल्या खोलीत गेली. वर बघायचा प्रयत्न केला, भिंतीला धरलं. मग तिने धाकूला म्हटलं, "भाऊ, जरा बाजूला व्हा," आणि ती त्या धुळीत, चुऱ्यात, जमिनीवर सरळ उताणी झोपली.

"काकी, अंग भरात!" धाकू म्हणाला. सीतारामने आपल्या टॉवेलची घडी तिच्या डोक्याखाली सारली.

आईने मोजलं. मोठ्याने. अण्णांसारखंच, सावकाश. तेविसाला थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा थांबली.

"बरोबर होते की हो हे," ती छताला म्हणाली.

मी शेजारी जमिनीवर बसले. ती वरच बघत होती.

"शेवटच्या दिवशी मी चहा दिला नाही त्यांना," ती म्हणाली. "तुला सांगितलं नाही मी. म्हटलं, चोवीस म्हणा, मग चहा. तेवीस म्हणाले आणि हसले. मला आला राग. दिवसभराचं दमलेलं असतं माणूस. म्हटलं, राहा मग तेविसावरच. चहा निवला. ओतून दिला मी मोरीत. सकाळी बघते तर..."

"आई."

"रोज पडते ना मी इथं दुपारी, ते त्यांच्या वाटचं चोवीस म्हणायला. एक ते चोवीस. त्यांचं राहिलेलं पुरं करायला. मला काय माहीत, पुरंच होतं ते."

मला तिचा हात धरता आला. आमच्यात असं फारसं करत नाहीत. पीठ आणि प्लास्टर, दोन्ही पांढरं, कुठलं कुठलं ते कळत नव्हतं.

"ते हसत होते, आई. तुझ्यावर हसत होते. माझ्यावरही. डोकं शाबूत होतं त्यांचं."

तिने मान माझ्याकडे वळवली. मी पुन्हा म्हटलं, "शाबूत होतं. आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा पुष्कळ."

"चहासाठीसुद्धा म्हटलं नाही बघ," आई हळूच म्हणाली.

"काय?"

"चोवीस. म्हटलं असतं तर चहा मिळाला असता. यायचा की त्यांना तो आकडा, पन्नासपर्यंत येत होतं. मुद्दाम म्हटलं नाही. डोळ्यांना तेवीस दिसतात तर चोवीस कसं म्हणायचं?" ती कोपरावर उठून बसली. तिचे केस, पाठ, सगळं पांढरं झालं होतं. "खोटं बोलायचं नाही म्हणून शील घेतलेलं. चहावर पाणी सोडलं, पण शील मोडलं नाही. आणि मी रोज त्यांना खोटं बोलायला लावत होते, माय!"

आणि ती हसायला लागली. आधी मला ते रडणं वाटलं. मग दिसलं की दोन्ही आहे. मग मीही तेच करू लागले. धाकू फळीवरून आमच्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं नसेल, पण नको त्या वेळी बोलायचं नाही एवढं कळत होतं. सीताराम बाहेर जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आला.

जेवण झाल्यावर आईने धाकूला सांगितलं, "भाऊ, कापायचं राहू द्या. सगळं काढून टाका."

"परत लावूचा नाय?"

"नाही. मला त्याचं काम होतं, ते झालं."

"चोवीस आऱ्यांचा नवीन करून दिऊ? माझ्या हातचा. चूक नाय येवची."

"नको. साधं करा. एकदम सपाट. मला कुठं वर बघता येतं?"

धाकूने मान डोलावली. मग जरा चाचरत विचारलं, "काकी, आमच्यात अशा वेळेक पाण्यात सोडतत. तुमच्यात काय करतत?"

"आमच्यात काही करत नाहीत," आई म्हणाली. "जे जोडलेलं असतं ते सुटतं, एवढंच म्हणतात. ते म्हणायचं आणि काढायचं." तरी तिने त्याला सिमेंटच्या मळक्या गोण्या वापरू दिल्या नाहीत. तांदळाच्या धुतलेल्या पिशव्या काढून दिल्या. धाकू अनवाणी फळीवर चढला. चक्र फोडायच्या वेळी आई स्वयंपाकघरात गेली नाही. दारात उभी राहून पहिल्या घावापासून शेवटच्यापर्यंत बघितलं.

पुढचे आठ दिवस मी कॉलेजातून थेट घाटकोपरला जात होते. पत्र्याची चौकट बसली, तिच्यावर जिप्समचे पांढरे बोर्ड आले, सांधे भरले गेले. जुन्या छतापेक्षा नवीन वीतभर वर बसलं, तेवढ्याने खिडकीची वरची पट्टी, जी पंचवीस वर्षं छताआड होती, मोकळी झाली. सकाळचं ऊन आता समोरच्या भिंतीपर्यंत येतं. आईने पहिल्या दिवशी त्या उन्हाकडे संशयाने बघितलं. दुसऱ्या दिवशी तिथे मिरच्या वाळत घातल्या.

सम्यकला मी सगळं फोनवर सांगितलं. आरे, वही, चहा, शील. चहाचं त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आईला दे."

आईने फोन घेतला. "हां सम्या. झालं छत. नाही, मी नाही येत. ते तीस तारखेचं तिकीट काढलंस ना, त्याच्यावर तूच ये. चार दिवस राहा. खोली बघ." थोडं ऐकलं. "रडू नको रे. तुझे वडील ठणठणीत होते शेवटपर्यंत. चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, तेवढंच."

मी भरपूर वाचलं आहे, दुःखाबद्दलही. अण्णा गेल्यावर त्यातलं काही उपयोगी पडलं नाही, ही तक्रार मी आठ महिने मनात धरून होते. आता ती नाही. मला एका माणसाचे आभार मानायचे आहेत, ज्याचं नाव आमच्यात कोणाला माहीत नाही. पवईहून दोन रविवार आला, वायर आडवी आली म्हणून एक आरा खाल्ला, बाकीचे केसभर सरकवले, आणि पैसे घेऊन गेला. त्याने प्रामाणिकपणे काम केलं असतं, तर अण्णा चोवीस म्हणाले असते आणि आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. ते आतून किती शाबूत होते हे आम्हाला कधी कळलं नसतं. आभार धाकूचेही, ज्याला फोडींवर आकडे घालायची सवय होती. आणि सीतारामचे, टॉवेलसाठी.

शेवटचा हात मारायला धाकू रविवारी आला. रंग झाल्यावर आईने त्याला बाहेरची खोलीही दाखवली. "ही भिंत बघा. पुढच्या वर्षी हिला काहीतरी करायला पाहिजे."

"पुढच्या वर्षी कित्याक, पुढच्या महिन्यात करूया."

"नको, पुढच्या वर्षी. घाई कसली? मी आहे इथंच."

तो गेल्यावर पलंग आत गेला, पंखा लागला. आई भांडी आवरत होती. मी खोलीत ब्रशचे शिंतोडे पुसत होते, ते पुसून झाले, मग पलंगावर टेकले. मग आडवी झाले. रंगाचा वास होता. वर पांढरं सपाट छत होतं, त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, आणि मी बघत होते.

जाग आली ती आईच्या आवाजाने. उन्हं उतरली होती.

"अगं, साडेपाच झाले. मुलुंडला जायचंय ना तुला?"

"जाते ना," मी म्हटलं, आणि कूस बदलली. "पाच मिनिटांनी."

"पाच मिनिटं म्हणे," ती म्हणाली. मग आत आली, मला पलीकडे ढकललं, आणि शेजारी पडली.